जखमी रोजडा किंवा हरीण दिसलं, उठलं, पळालं आणि आता सापडत नाहीये? (इंदूर-महू-सिमरोल साइडवाल्यांसाठी)

खंडवा रोडला आमचं शेत आहे आणि आजूबाजूच्या पाच-सहा गावांत कोणाच्याही वावरात असं काही झालं की फोन मलाच येतो. दर वेळी तक्रार तीच, दर वेळी घोळही तोच, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय, म्हणजे पुढच्या वेळी लिंक पाठवता येईल. आपल्याकडे ज्याला रोजडा किंवा घोडारोज म्हणतात तीच नीलगाय. चितळ, सांबर, चौशिंगा, देवास-शाजापूरकडचे काळवीट, सगळ्यांना खालचं बहुतेक लागू पडतं.

आधी लक्षणं, म्हणजे तुमची केस हीच आहे का ते कळेल.

- कुत्र्यांनी घेरलं होतं, लोकांनी हाकललं, जनावर लंगडत उसात किंवा नाल्यात घुसलं आणि आता पत्ता नाही.
- गाडीने उडवलं, दोन मिनिटं रस्त्यावर पडून होतं, लोक जमले तसं उठून पळालं.
- काटेरी तारेला केस आणि रक्त लागलंय पण जनावर कोणीच पाहिलं नाही.
- कळपातलं एक मागे पडतंय, पाठ कमान केल्यासारखी वर आणि शेपूट पायात दाबलेलं.
- काल जखमी दिसलं, वनविभागाची गाडी आली, तासभर शोधून परत गेली, आज परत कोणाला तरी तेच दिसलं.
- ठिपके-ठिपके रक्त शंभर-दोनशे पावलांपर्यंत मिळालं आणि मग एकदम बंद.

यातलं काहीही असेल तर पुढे वाचा. जनावर हलतच नसेल, एका जागी पडून असेल, तर शोधायचा प्रश्नच नाही, सरळ खालच्या "सापडलं. आता?" या भागात जा.

सगळ्यात आधी, फुकटचा उपाय: थांबा

हे वाचून लोकांना राग येतो. जनावर तडफडतंय आणि हा म्हणतो थांबा. पण मी जेवढ्या केस पाहिल्या त्यात जी जनावरं हाताला लागली नाहीत त्यातली बरीचशी जखमेमुळे हरवली नाहीत, मागे पळणाऱ्या माणसांमुळे हरवली. जखमी रोजड्याच्या मागे कोणी नसेल तर तो लांब जात नाही, जवळचा आडोसा बघून बसतो, नाल्याची झाडी, लॅंटाना म्हणजे घाणेरीची झुडपं, उभा ऊस, काही नसेल तर बांधावरची बाभूळ. एकदा बसला की अंग आखडतं, परत उठायला जड जातं, आणि तेच आपल्याला पाहिजे असतं, कारण डॉक्टरला बेशुद्धीचं इंजेक्शन मारायचं तर तो बसलेला आणि शांत हवा. तुम्ही पाच पोरं घेऊन मागे धावलात तर तो जीव खाऊन दोन किलोमीटर जाईल, रस्ता ओलांडेल, दुसऱ्याच गावाच्या हद्दीत शिरेल आणि रक्ताचा माग पण तुटेल.

दुसरं कारण जास्त वाईट आहे. हरीण आणि नीलगाय या जातीच्या जनावरांना खूप पळवलं, घाबरवलं, दाबून धरलं की त्यांचे स्नायू आतून फुटायला लागतात, डॉक्टर लोक याला कॅप्चर मायोपॅथी म्हणतात. रक्तात आम्ल वाढतं, अंग तापतं, स्नायूंमधून सुटलेला पदार्थ किडनीत अडकतो आणि लघवी कॉफीसारखी काळपट होते. बाहेरून जनावर ठीक दिसतं, सोडल्यावर चालत पण जातं, आणि मग काही तासांनी किंवा चार दिवसांनी मरतं. लोक म्हणतात "अरे जखम तर एवढीशी होती, मेलं कसं", तर असं मेलं.

माझा मावसभाऊ अमेरिकेत विस्कॉन्सिनला असतो, तिकडे धनुष्यबाणाने हरणाची शिकार लायसन्स काढून कायदेशीर करता येते आणि तो करतो (आमच्या आजीला अजून सांगितलेलं नाहीये). त्यांच्याकडे पण बाण नीट न लागणं हीच मोठी डोकेदुखी. त्याने मला सांगितलेला पहिला नियम हाच होता, की बाण नीट लागला नाही तर झाडावरच्या मचाणावरून खाली उतरायची घाई करू नको. छातीत, फुफ्फुसात लागला असेल तर अर्धा तास तरी थांबायचं, लिव्हरला लागला वाटत असेल तर चार ते सहा तास, आणि पोटात आतड्याला लागला असेल तर आठ-बारा तास, म्हणजे संध्याकाळचा बाण असेल तर थेट दुसऱ्या दिवशी सकाळी. कारण पोटात लागलेलं हरीण उठवलं की ते परत मिळतच नाही. त्यांचा हेतू आपल्या एकदम उलटा, ते मरायची वाट बघतात आणि आपल्याला जगवायचंय, म्हणून आपण आठ तास थांबत नाही, टीम येईपर्यंत थांबतो. पण जनावर दोन्हीकडे सारखंच वागतं. आणि हो, इथे कोणाच्या डोक्यात धनुष्यबाण येत असेल तर काढून टाका, १९७२ च्या वन्यजीव कायद्यात मारणंच काय, पकडणं, हुसकावून नेणं, फासा लावणं हे सगळंच शिकार म्हणून धरलं जातं.

थांबायचं म्हणजे हातावर हात ठेवून बसायचं असं नाही. कुत्री असतील तर ती हाकला, आणि जनावर गेलं त्याच्या उलट्या दिशेला हाकला. पोरांना घरी पाठवा. ज्याला रील बनवायचीये त्याला सगळ्यात आधी पाठवा.

दुसरं काम: फोन, आणि तो लगेच

लोक आधी शोधतात, सापडलं तर फोन करतात. उलटं करा. गाडी यायला वेळ लागतोच, तो तुमच्या थांबण्याच्या वेळात जातो. इंदूरला वनविभागाचं ऑफिस नवरत्न बागेत आहे, रेस्क्यूचं काम बरचसं रालामंडल अभयारण्याच्या टीमकडून होतं. तुमच्या बीटच्या (म्हणजे तुमच्या भागाच्या) वनविभागाच्या गार्डचा आणि रेंजरचा नंबर आजच मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा, रात्री अकराला शोधत बसाल तर मिळणार नाही. कोणीच उचलत नसेल तर ११२ ला लावा, ते पुढे कळवतात. १९६२ ही पशु ॲम्ब्युलन्स मुख्यतः गाई-म्हशींसाठी आहे, तिच्यावर अवलंबून राहू नका.

फोनवर "साहेब रोजडा जखमी आहे" एवढंच सांगितलं तर समोरचा पण "बरं बघतो" एवढंच म्हणतो. काय सांगायचं ते ऐका: कोणतं जनावर, नर का मादी, शिंगं आहेत का, जखम कुठे दिसली, चालत होतं का बसलं होतं, शेवटचं किती वाजता आणि कुठे दिसलं, आता आजूबाजूला किती माणसं आहेत. लोकेशनची पिन व्हॉट्सॲपवर टाका. नाकातोंडातून फेसाळ रक्त येतंय किंवा आतडं बाहेर आलंय असं असेल तर ते पहिल्याच वाक्यात सांगा, त्याने फरक पडतो.

शेवटचं कुठे दिसलं ती जागा

हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त विसरलं जाणारं काम. जिथे तुम्ही उभे होतात तिथे एक खूण करा आणि जनावर शेवटचं दिसलं तिथे दुसरी, जुन्या पांढऱ्या चादरीची चिंधी बांधा नाहीतर दगडावर दगड ठेवा. अर्ध्या तासाने परत याल तेव्हा सोयाबीनच्या पंचवीस बिघ्यात सगळी झाडं सारखीच दिसतात आणि मग तिघं तीन दिशा दाखवतात. मी तर प्रत्येकाला वेगवेगळं विचारतो की बाबा तू कुठे उभा होतास आणि कोणत्या झाडाच्या सरळ रेषेत ते गेलं, एकत्र विचारलं की सगळे सरपंचाचंच ऐकतात.

कळप बघा

पायपीट करण्याआधी पाच मिनिटं उंच जागेवरून दुर्बिणीने, दुर्बीण नसेल तर मोबाइलचा कॅमेरा झूम करून आजूबाजूचा कळप बघा. कितीतरी वेळा तारेने खरचटलेली मादी नीलगाय आरामात कळपात चरताना सापडते. चारी पाय टेकवतेय, मान खाली घालून खातेय, माशा आल्या की कान-शेपूट हलवतेय, तर तिला तुमची गरज नाही. गार्डला तसं कळवा आणि घरी जाऊन चहा प्या. जंगली जनावराची कातडी फाटलेली वाईट दिसते पण बरी होते, त्याला पकडण्यातच जास्त धोका आहे. हे मुद्दाम लिहितोय कारण हल्ली शहरातून येऊन फार्महाऊस घेतलेल्या मंडळींना प्रत्येक ओरखड्यावर टाके हवे असतात.

विहीर

माग काढण्याआधी आजूबाजूच्या सगळ्या विहिरी बघून घ्या, खास करून बिनकठड्याच्या. आपल्या माळव्यात अशा विहिरींना तोटा नाही, वर गवत वाढलेलं असतं आणि रात्री घाबरून पळणारं जनावर सरळ आत जातं. रक्त एकदम बंद झालंय आणि पुढे काहीच नाही, अशा गोष्टीत पहिला संशय माझा विहिरीवर जातो. वाकून बघा, ऐका, पाण्यावर फेस किंवा केस दिसतात का. आत असेल तर दोरी गळ्यात टाकून ओढायचा शहाणपणा करू नका, गळ्याला फास बसतो. पोहून दमतं म्हणून आधाराला एखादी खाट चारी बाजूंनी दोर बांधून हळूच पाण्यात सोडता येते, पण कोणीही माणूस आत उतरायचं नाही.

रक्त वाचायला शिका

आता खरं काम. अर्धा-पाऊण तास झालाय, लोक पांगलेत, टीम रस्त्यात आहे. फक्त दोन जण जा, तिसरा नको. एक जण खाली बघतो, दुसरा पुढे आणि बाजूला बघतो. दोघंही खाली बघत चाललात तर जनावर वीस पावलांवर बसलेलं असेल तरी दिसणार नाही आणि तुमच्याच पायाने ते उठेल. मागाच्या वरून चालू नका, बाजूने चाला.

रंग काय सांगतो:

गुलाबी, फेसाळ, बुडबुडेवालं रक्त म्हणजे फुफ्फुस. गाडीच्या धडकेत बरगडी मोडून आत घुसली की असं होतं. वेळ फार कमी आहे, जनावर जवळच असेल. गडद लाल, जवळजवळ मरून (तांबूस-काळपट) रंगाचं म्हणजे आतल्या भागातलं, लिव्हर वगैरे, किंवा मोठ्या स्नायूतलं. लालभडक आणि पिचकारी मारल्यासारखं लांब-लांब पडलेलं म्हणजे धमनी कापलीये. हिरवट-तपकिरी, पाणीदार, चारा मिसळलेलं आणि घाण वास असलेलं म्हणजे पोट फाटलंय, आणि कुत्र्यांच्या केसमध्ये हे बऱ्याचदा असतं कारण कुत्री मागून येतात, मांड्या, ढुंगण, पोटाची बाजू फाडतात. असं जनावर पाठ वर करून हळूहळू चालतं, मधेमधे बसतं, आणि पाण्याकडे जातं. आणि लाल, सुरवातीला भरपूर, मग कमी कमी होत बंद झालेलं रक्त म्हणजे नुसतं मांस किंवा कातडी, तारेच्या केसमध्ये हेच. असं असेल आणि पुढे पावलं सरळ पडत असतील तर वर कळपाच्या भागात जे लिहिलंय तेच.

रक्त अजिबात नाही याचा अर्थ सगळं ठीक आहे असा धरू नका. गाडीचा मार आतून असतो, बाहेर एक थेंब नसतो आणि आत सगळं फुटलेलं असतं.

थेंबाचा आकार पण बघा. गोल थेंब म्हणजे उभं होतं किंवा सावकाश चाललं होतं. लांबट, एका बाजूला शेपटी निघालेला थेंब म्हणजे पळत होतं, आणि शेपटी ज्या बाजूला त्या बाजूला गेलंय. रक्त जमिनीवरच शोधू नका, गव्हाच्या ओंब्या, तुरीच्या फांद्या, गवताचे तुरे, यांना पुसलेलं असतं. किती उंचीवर पुसलंय ते बघा, गुडघ्याएवढं असेल तर पाय, कमरेएवढं असेल तर अंगाला जखम आहे. दोन्ही बाजूंच्या रोपांना लागलंय का एकाच बाजूच्या, त्यावरून जखम कोणत्या अंगाला ते कळतं आणि डॉक्टरला हे सांगितलं तर तो कोणत्या बाजूने जवळ जायचं ते ठरवतो.

आता इंदूरचा खास प्रॉब्लेम. रस्त्याकडेला, पाणंदीला, शेताच्या फाटकापाशी लाल डाग म्हणजे रक्तच असतं असं नाही, भिया, अर्ध्या वेळा तो गुटखा असतो. हसू नका, आम्ही एकदा चांगल्या चार जाणत्या माणसांसकट एका पानवाल्याच्या मागावर निघालो होतो. सोयाबीनच्या आणि पळसाच्या पानांवर रोगाचे तांबडे ठिपके पण तसेच दिसतात. मेडिकलमधून हायड्रोजन पेरॉक्साइडची छोटी बाटली आणून ठेवा, स्वस्त मिळते, डागावर दोन थेंब टाकायचे, रक्त असेल तर लगेच पांढरा फेस येतो. पानावर किंवा दगडावर टाका, ओल्या मातीत उगाचच थोडं बुडबुडतं आणि फसायला होतं. अमेरिकेतले शिकारीपण हेच करतात. बाटली नसेल तर बोट ओलं करून पुसा, रोगाचा ठिपका पुसला जात नाही.

प्रत्येक मोठ्या डागापाशी एक चिंधी बांधत चला. दहा-बारा झाल्या की मागे वळून बघा, चिंध्यांची रेघ दिसते आणि ती रेघ पुढे कुठल्या झाडीकडे जाते ते कळतं. माग तुटला की याच रेघेच्या जोरावर पुढचा अंदाज बांधायचा असतो. नंतर चिंध्या काढून घ्या, गुरं खातात.

मुंग्या आणि हिरव्या माशा तुमच्यापेक्षा हुशार असतात, वाळलेल्या गवतात थेंब दिसत नसला तर माशा कुठे घोंघावतायत ते बघा.

रक्त संपलं, मग पाय

आपली काळी माती इथे खूप कामाला येते. पावसाळ्यात आणि ओलीत दिलेल्या गव्हात खूर असा उमटतो की बोट घालून खोली मोजता येते, मे महिन्यात मात्र भेगाळलेल्या वावरात काहीच मिळत नाही, तेव्हा पाणंदीची धूळ आणि नाल्याची वाळू बघा. पाऊस पडून गेला असेल तर रक्त विसरा, पण पाऊस थांबल्यानंतरचे पाय एकदम ताजे आणि स्पष्ट.

शांत चालणाऱ्या जनावराच्या खुराची दोन बोटं जवळजवळ असतात. पळताना ती फाकतात आणि चिखलात मागच्या दोन छोट्या खुरांचे पण टिपके उठतात. एक पाय इतरांपेक्षा उथळ उमटलाय म्हणजे त्यावर भार देत नाहीये. एखाद्या पायाऐवजी नुसती फरफटल्याची रेघ असेल तर तो पाय मोडलाय. तीन पायांवरचा रोजडा सुद्धा तुम्हाला पळून सापडणार नाही, तेव्हा तसा विचार करू नका. जमलंच तर एका चांगल्या ठशाचा काडी शेजारी ठेवून फोटो घ्या, पुढे कळपाच्या पायात पाय मिसळले की कोणता आपला ते या फोटोवरून ओळखता येतं.

उजेड समोरून येईल असं उभं राहा, म्हणजे ठशाच्या कडेची सावली दिसते, दुपारी बाराला ऊन डोक्यावर असताना ठसे सपाट होऊन जातात. सकाळी दवात तर शोधावं पण लागत नाही, गव्हातून काळपट हिरवी वाट सरळ निघालेली दिसते.

पाणी, सावली, आवाज

माग पूर्ण तुटला तर शेवटच्या खुणेपासून गोल फेरी मारा, आधी छोटी मग मोठी, आणि त्या फेरीत जिथे-जिथे पाणी आणि दाट सावली आहे ती जागा लांबून न्याहाळा. झाडीत घुसू नका. उभं जनावर शोधू नका, आडवी पाठीची रेघ, हलणारा कान, काळं नाक असं तुकड्या-तुकड्याने शोधा. नर नीलगाय राखाडी-निळसर म्हणून सावलीत पूर्ण विरघळतो, मादी तांबूस-तपकिरी म्हणून वाळलेल्या गवतात. दहा मिनिटं नुसतं बसून ऐका पण. टिटवी एकाच जागेवर ओरडत राहिली, सातभाईंनी एकाच झुडपावर कलकलाट धरला, वानराने खोक दिली, तर तिथे काहीतरी आहे. ते जखमी जनावर असेल किंवा त्याच्यावर टपलेलं दुसरं कोणी.

ड्रोनवाली पोरं हल्ली प्रत्येक गावात आहेत. वनविभाग स्वतः आणेल तर ठीक, आपण उडवू नका, खाली आणलं की त्या आवाजाने बसलेलं जनावर उठतं आणि सगळी मेहनत पाण्यात. गावठी कुत्री सोडायची तर गोष्टच काढू नका. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत माग काढायला शिकवलेलं कुत्रं लांब दोरीवर धरून नेतात आणि ते फक्त वास घेतं, आपल्या शेरूला कोणी शिकवलेलं नाहीये.

सापडलं. आता?

लांबूनच थांबा, चाळीस-पन्नास पावलं तरी. वाऱ्याच्या खालच्या बाजूला बसा, म्हणजे तुमचा वास त्याला जाणार नाही, आणि टीम येईपर्यंत नुसती नजर ठेवा. ते डोकं उचलून सारखं तुमच्याकडेच बघायला लागलं म्हणजे तुम्ही जास्त जवळ आहात, मागे सरका.

पाणी तोंडात ओतू नका. हे शंभर वेळा सांगून पण दर वेळी कोणीतरी मायेने बिसलरी घेऊन पुढे जातंच. झोपलेल्या जनावराच्या तोंडात ओतलेलं पाणी श्वासनळीत जातं आणि न्यूमोनियाने ते मरतं. हळद, माती, डिझेल, काही लावू नका. जवळ जाऊन थोपटू नका, तुम्हाला वाटतं ते शांत झालं, ते खरं तर भीतीने गोठलेलं असतं.

लहान पाडस किंवा पूर्ण गळून पडलेलं जनावर असेल आणि टीमने फोनवर सांगितलं असेल तरच एवढं करा: मागून हळू जाऊन डोळ्यांवर सुती कापड टाका, नाक मोकळं ठेवा. अंधार झाला की ती बरीच शांत होतात. पूर्ण कुशीवर पडलेलं असेल तर छातीवर बसतं करा आणि बाजूला गवताच्या पेंढ्याचा टेकू द्या, कारण रवंथ करणारी जनावरं कुशीवर पडून राहिली की पोट फुगतं आणि श्वास कोंडतो. बोलू नका, अगदी कुजबुज पण नको.

इथे थांबायचंच, पुढे फक्त वनविभाग आणि डॉक्टर

मोठा नर उभा असेल किंवा उठू शकत असेल. नीलगायीचा नर दोनशे किलोच्या वर जातो, शिंगं वीतभरच असतात पण टोकदार, आणि लाथ अशी बसते की माणूस परत शेतात दिसत नाही. सांबर आणि काळवीट तर शिंगांनीच बोलतात.

अंधार पडायला लागला. सिमरोल, चोरल, मानपूर, रालामंडलच्या आसपास बिबट्या आहे हे काही गुपित नाही, आणि रक्ताचा माग फक्त तुम्हालाच दिसतो असं समजू नका. नाल्यातला माग सूर्य मावळला की सोडून द्यायचा.

तारेचा फासा, खटक्याचा सापळा, छर्ऱ्याची जखम, अंगात घुसलेला बाण असलं काही दिसलं. तिथे हात लावू नका, काढू नका, फोटो घ्या आणि कळवा, तो गुन्ह्याचा पुरावा आहे. अंगात अडकलेली वस्तू ओढली तर रक्त पण जास्त जातं. शेताच्या कडेने डुकरांसाठी सोडलेली करंटची तार दिसली तर जागेवरच थांबा, आधी वीजवाल्यांकडून लाइन बंद करवून घ्या, या तारांनी माणसं पण मेलीत.

जनावराच्या तोंडातून लाळ गळतेय, झाडांना धडकतंय, भीती न दाखवता अंगावर येतंय. कुत्रा चावलेल्या जनावराला रेबीज होऊ शकतो. लाळ हाताला किंवा जखमेला लागली तर साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन डॉक्टरला दाखवा, लसीचं ते सांगतील. इथे हयगय नको.

बेशुद्धीचं इंजेक्शन हे फक्त वन्यजीवांचं काम करणाऱ्या डॉक्टरांचं काम. गावात गाईंना सुई देणारे आपले भाऊ कितीही चांगले असले तरी नाही. डार्ट लागल्यावर औषध चढायला काही मिनिटं जातात, तेवढ्यात जनावर पळतं, आणि डोस चुकला तर उठतच नाही. महूच्या पशुवैद्यकीय कॉलेजकडे न्यायचं का प्राणीसंग्रहालयाच्या डॉक्टरांना बोलवायचं का जागेवरच उपचार करून सोडायचं, हे टीम ठरवते. तुमच्या गाडीत घालून तुम्ही कुठेच न्यायचं नाही, हेतू चांगला असला तरी कायद्यात अडकाल. पाय पूर्ण मोडला असेल, पोट फाटलं असेल तर डॉक्टर कदाचित म्हणतील की आता होणार नाही, तेव्हा त्यांच्याशी भांडू नका, जंगली जनावराला महिनाभर प्लास्टरमध्ये ठेवता येत नाही.

आणि मेलेलं सापडलं तर? तेही कळवायचं. मेलेलं वन्य जनावर सरकारची मालमत्ता असते, शिंग, कातडं, मांस काहीही. चुकून तुमच्या ताब्यात आलं तर ४८ तासांत जवळच्या ठाण्यात किंवा वन अधिकाऱ्याला सांगावं लागतं. "शिंगं छान आहेत, दिवाणखान्यात लावू" म्हणणारे काका प्रत्येक गावात एक असतात, त्यांना हे वाचून दाखवा. पंचनामा होईपर्यंत कुत्री लांब ठेवा, नाहीतर मेलं कशाने तेच कळत नाही.

तोच प्रकार त्याच जागी परत परत होत असेल

मग जनावर शोधण्यात काही अर्थ नाही, जागा शोधा. कुत्र्यांची टोळी असेल तर जवळ कुठेतरी कोंबडीवाल्याचा कचरा पडत असतो, बहुतेक वेळा ढाब्यामागे, तो बंद करवा. तारेवर केस सापडत असतील तर सगळ्यात वरची आणि सगळ्यात खालची काटेरी तार काढून साधी लावा, कारण नीलगाय वरून उडी मारते नाहीतर खालून घुसते आणि तिथेच फाटते. तारेला पांढऱ्या पोत्याच्या पट्ट्या बांधल्या तर रात्री पण दिसते. विहिरीला कठडा नसेल तर तोवर चार खांब आणि जाळी. रस्त्यावर एकाच वळणावर धडका होत असतील तर जनावरं तिथून पाण्याला जात असणार, गार्डला घेऊन जाऊन ती वाट दाखवा आणि अर्ज द्या.

शेतीच्या नुकसानीचा राग रोजड्यावर निघतो हे मला माहितीये, माझा पण हरभरा दर वर्षी जातो. त्यासाठी वेगळा अर्ज, वेगळं ऑफिस. २०२५ मध्ये शाजापूरकडे हेलिकॉप्टर लावून, बोमा पद्धतीने म्हणजे नरसाळ्यासारख्या कुंपणात हाकून, काळवीट आणि नीलगाई पकडून दुसऱ्या जंगलात नेल्या होत्या, आपल्याकडे पण तसं व्हावं म्हणून तीन-चार पंचायतींनी मिळून मागणी करता येते. त्याचा कागद कसा लिहायचा ते कोणाला पाहिजे असेल तर विचारा, मसुदा माझ्याकडे आहे.

फोन करताना एवढं लक्षात ठेवा, मला आधी आणि गार्डला नंतर असं करू नका. माझ्याकडे फक्त चिंध्या आणि पेरॉक्साइडची बाटली आहे.